न पडल्याबद्दलचा खुलासा

मी त्या वाहिनीला पत्र लिहिलं ही माझी पहिली चूक. ते चांगलं लिहिलं ही दुसरी. वाईट लिहिलं असतं तर तिकडे जकार्तात ते कोणाच्या तरी टेबलाखालच्या टोपलीत गेलं असतं, आणि तालुका कचेरीत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे मी आजही एक अब्रूदार माणूस म्हणून बसलेला असतो.

पत्राचं कारण असं. दर रविवारी संध्याकाळी त्या वाहिनीवर सिलातचा, म्हणजे आमच्याकडच्या झुंजविद्येचा, कार्यक्रम लागायचा. त्यात दोन माणसं समोरासमोर उभी राहायची. एक जण डोळे वटारायचा आणि दुसरा भाताच्या खाचरावरून उडत जाऊन नारळाच्या झाडावर आदळायचा. झाड मोडायचं, माणूस मात्र उठून हसायचा. शेवटी अक्षरं यायची, ‘पश्चिम जावाच्या अस्सल परंपरेवर आधारित’. आता मी पश्चिम जावाचा. पासिरलायुंग गावात माझे गुरू अबाह ओयोन यांच्या अंगणात मी बावीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी सिलात शिकतो आहे, आणि आजवर आमच्या हातून एकही झाड मोडलेलं नाही.

आमच्याकडची जोडीची लढत पाहायला तुम्ही आलात तर निराश व्हाल. दोन माणसं हाताला हात लावून उभी असतात. दारातून आधी कोणी जायचं यावरून दोन सभ्य गृहस्थांचा एकमेकांना आग्रह चालला आहे असं लांबून वाटतं. जे चाललेलं असतं ते कातडीखाली. समोरच्याचा भार कुठे आहे, तो कुठे सरकणार आहे, हे मनगटाने ऐकायचं आणि त्याला हळूच त्याच वाटेने पुढे जाऊ द्यायचं. तो पडायच्या काठावर आला की बाही, कमरपट्टा, जे हाताला लागेल ते धरून त्याला थोपवायचं. अबाहांचा हा एकच कडक नियम आहे. “पाडणं काय, केळीचं सालही पाडतं,” ते म्हणतात. “धरतो तो शिकलेला.”

हे सगळं मी पत्रात लिहिलं. चार पानं झाली. बायकोला, इमासला, वाचून दाखवलं. ती ओंचोमच्या वड्या तळत होती. नेहमीच्या हाकेने म्हणाली, “कांग, छान आहे. पाठवू नका.”

मी पाठवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या तळमळीने आम्ही भारावून गेलो आहोत, खरं सिलात लोकांसमोर यायलाच हवं, आमची माणसं पुढच्या महिन्यात आपल्या गावी येत आहेत, कृपया परवानग्या काढून ठेवाव्यात. खाली सही होती बिमो नावाच्या दिग्दर्शकाची.

पहिली परवानगी अर्थातच अबाहांची. ते तळ्यातल्या गुरामी माशांना पपईची पानं घालत होते. वय अठ्ठ्याहत्तर, अंगकाठी वाळल्या शेंगेसारखी. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पानं संपेपर्यंत ऐकलं.

“लोक बघणार काय?” ते म्हणाले. “यात बघण्यासारखं काही नाही रे, एंजांग. हे लागतं. दिसत नाही.”

“म्हणूनच तर अबाह. काही दिसत नाही हेच त्यांना दिसायला हवं.”

हे वाक्य तेव्हा मला फार खोल वाटलं होतं. अबाहांनी तळ्यात हात धुतले. मग म्हणाले, “तू म्हणतोस तर येऊ देत.” ते फक्त माझ्या शब्दावर हो म्हणाले, हे मी इथे नमूद करून ठेवतो.

बाकीच्या परवानग्या मला सोप्या वाटल्या होत्या, कारण मी स्वतः सरकारी माणूस. वाडीप्रमुखाचं पत्र मिळालं, गावप्रमुखाचं मिळालं, पण पोलीस चौकीत गाडी अडली. गर्दी जमवण्याच्या अर्जात चारच कारणं छापलेली होती. लग्न, सुंता, प्रवचन आणि इतर. ‘इतर’वर खूण केली तर जिल्ह्याच्या संस्कृती खात्याचं पत्र जोडावं लागतं, आणि ते पत्र देणारा साहेब हज यात्रेला गेलेला. चौकीतला कारकून समजूतदार होता. म्हणाला, “पा एंजांग, तुम्ही सुंता लिहा. कोणी विचारत नाही.”

“कोणाची लिहू?”

“नाव लागेल खरं. तुमचंच घाला.”

तेव्हा चौकीच्या दप्तरी त्या तारखेला माझी, वय वर्षं बावन्न, सुंता झाल्याची नोंद आहे. गोष्ट तिथेच राहिली असती तरी चाललं असतं. पण कारकुनाची सासू आमच्याच गल्लीतली. दुसऱ्या दिवशी समोरची तेह एनोक एक कोंबडी घेऊन दारात उभी राहिली आणि इमासला हळू आवाजात म्हणाली, “इतकी वर्षं तुम्ही कोणाला कळूसुद्धा दिलं नाहीत हं.” इमास दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कोंबडी मात्र तिने ठेवून घेतली.

शेजारचे पा दुदुंग म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सल्ला देणं त्यांनी निवृत्तीनंतर पूर्ण वेळ हाती घेतलं आहे. त्यांनी मला बोलावून समोर बसवलं. “एक लक्षात ठेवा. कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतो. तुम्ही आधीच आहात. काळे कपडे घाला आणि श्वास आत घ्या.” मी म्हटलं, सिलातमध्ये श्वास सोडायचा असतो. ते म्हणाले, “तो तुमचा प्रश्न.”

ठरलेल्या दिवशी सकाळी दोन गाड्या आल्या. बिमो तिशीचा, अत्यंत नम्र मुलगा. अबाहांच्या हाताला त्याने कपाळ लावलं, इमासच्या भाताची स्तुती केली, सगळ्यांशी दोन्ही हात जोडून बोलला. तो उर्मट असता तर पुढचं काहीच घडलं नसतं असं मला अजून वाटतं. उर्मट माणसाला नाही म्हणता येतं.

आमच्या तालुक्याचे साहेब, पा विरांता, सकाळी आठलाच हजर होते. पाहुण्यांचं स्वागत करताना त्यांना टिपायचं होतं. ते टिपून झालं. मग शर्ट बदलून ते पुन्हा आले, कारण पहिल्या शर्टात साहेबपणा कमी दिसला असं त्यांना वाटलं. तिसऱ्या वेळी ते टोपी घालून आले. बिमोने तिन्ही वेळा तितक्याच आदराने टिपलं. पुढे कार्यक्रमात त्यांचा डावा कोपर तेवढा आला.

दहाला ढोल आणि सनईसारखं तारोंपेत वाजायला लागलं. आमच्यातल्या काही जणांनी तालावरचे हात केले. बिमो खूश होता. मग तो मला घेऊन केळीखाली बसला आणि प्रश्न विचारू लागला. तुम्ही इथे किती वर्षं येता? का येता? मी मनापासून सांगितलं, “बावीस वर्षं मी एकाच गोष्टीची वाट पाहतो आहे, की आमचं खरं सिलात एकदा लोकांसमोर यावं.” त्याने मान हलवली आणि हे वाक्य पुन्हा एकदा, कॅमेऱ्याकडे जरा रोखून बघत म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. श्वास आत घेतलेला असल्यामुळे आवाज खोल आला.

मग लढत. अबाह आणि मी हाताला हात लावून उभे राहिलो. मी दाबलं, त्यांनी वाट दिली. मी त्या वाटेने गेलो आणि काठावर पोचलो, तेव्हा त्यांनी मला बाहीला धरून थोपवलं. असं तीनदा झालं. माझ्या मते त्या सकाळी अबाहांचा हात जसा चालला तसा मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. खरं तर पाहिला म्हणणं चूकच. तो मला लागला.

बिमो कॅमेऱ्यामागून बाहेर आला. “फार सुंदर,” तो म्हणाला. “आता सुरू करू या का?”

“झालं की,” मी म्हटलं.

पुढचे चार तास मी फार सांगत नाही. त्यांनी आम्हाला डावीकडून टिपलं, उजवीकडून टिपलं, जमिनीत खड्डा करून खालून टिपलं. धूर सोडला. धुरामुळे अबाहांना खोकला लागला, तो ढाशीचा आवाजही त्यांनी जपून ठेवला. उपयोगी पडेल म्हणाले. तरी लढत काही लढतीसारखी दिसेना. शेवटी बिमोने मला तळ्याकडे बाजूला नेलं.

“पा, तुम्ही एकदा पडलात तर?”

“आमच्यात पडत नाहीत. गुरू धरतो.”

“कळतंय मला. पण बघणाऱ्याला कसं कळणार की ते धरताहेत? त्याला वाटणार, दोघं बोलत उभे आहेत.” तो खरोखर दुःखी दिसत होता. “मला हा भाग गाळावा लागेल, पा. त्या जागी दुसरा आहे. एका गावात एक जण बल्बच्या काचा खातो. त्यालाही सिलातच म्हणतात.”

मी मागे वळून बघितलं. अंगणाच्या कडेने सारं गाव बसलं होतं. इमासने चाळीस माणसांचा भात रांधला होता. पा विरांता चौथा शर्ट घालून येत होते. आणि अबाह सकाळपासून उन्हात उभे होते, फक्त माझ्या शब्दाखातर. मी मनाशी हिशेब मांडला, की खरी गोष्ट काच खाणाऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा तिच्यात चिमूटभर खोटं घातलेलं बरं. नोंदणी कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला असला हिशेब पटकन जमतो.

आम्ही पुन्हा हात लावले. मी दाबलं. अबाहांनी वाट दिली. आणि त्यांचा हात माझ्या बाहीकडे येण्याआधीच मी ओरडून स्वतःला मागे फेकून दिलं. ठरवलं होतं दोन पावलं मागे पडायचं. पण माझं वजन आणि ओली शेवाळलेली कड या दोन गोष्टी मी धरल्या नव्हत्या. मी सरळ तळ्यात गेलो.

पाणी छातीइतकं होतं. वर आलो तेव्हा सगळं अंगण टाळ्या वाजवत होतं. बिमोने डोळे पुसले. एक गुरामी माझ्या शर्टात शिरला होता, तो काढायला दोघं जण उतरले. अबाह मात्र जागचे हलले नव्हते. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, त्यातून काहीतरी सांडल्यासारखं. मी काठावर चढलो तेव्हा ते जवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल एवढंच बोलले.

“मी काहीच केलं नव्हतं, एंजांग.”

मग ते घरात गेले. त्यांची तब्येत बरी नाही असं मीच सगळ्यांना सांगितलं.

कार्यक्रम जूनमधल्या एका रविवारी लागला. ग्रामसभेच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आणला होता. अबाह येणार नाहीत अशी माझी समजूत होती. ते आले आणि मागच्या भिंतीशी बसले.

आधी वीज कडाडली. मग एक घोगरा आवाज म्हणाला, या डोंगरात एक रहस्य दडलं आहे. मग मी दिसलो, धुरात, केळीखाली. खाली अक्षरं आली, ‘एंजांग, लोभी शिष्य’. मी म्हटलं, “बावीस वर्षं मी एकाच गोष्टीची वाट पाहतो आहे.” तिथे मला तोडलं आणि पुन्हा वीज कडाडली. घोगरा आवाज म्हणाला, गुरूचं रहस्य हिसकावण्याची.

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इमासने माझा हात धरला, पण धरताना आधी इकडे तिकडे बघून घेतलं.

पुढे अबाहांच्या छातीतून संगणकाने काढलेला एक पिवळा वाघ बाहेर आला, त्याने डरकाळी फोडली आणि मी उडालो. एकदा वेगात, एकदा सावकाश, एकदा खालून, एकदा उलटा, म्हणजे तळ्यातून वर. मी मोजलं, सात वेळा. सकाळचे ते तीन हात, जे मी कधी विसरणार नाही, त्यातला एकही नव्हता. शेवटी अक्षरं आली, ‘पश्चिम जावाच्या अस्सल परंपरेवर आधारित’.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावाचं नाव झालं होतं. मी मागे गेलो. अबाह चपला शोधत होते.

“वाघ बरा काढला होता,” ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या गुरुवारी मी नेहमीसारखा गेलो. अबाह एकेकाशी हात लावत रांगेतून आले आणि मला ओलांडून पुढच्याकडे गेले. मला वाटलं, नजरचूक. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी मी थांबलो आणि सगळे गेल्यावर विचारलं.

“रागावलात का अबाह?”

“नाही.” ते चटई गुंडाळत होते. “राग वगैरे नाही. हात लावला की मला समोरच्याचं ऐकू येतं. तुझं आता मला कळेना झालंय, खरं कुठलं आणि मुद्दाम कुठलं. म्हाताऱ्याला इतकं जमत नाही.”

मी चटईचं दुसरं टोक धरलं, तर ते म्हणाले, “राहू दे.”

गावात मात्र माझं बरं चाललं होतं, म्हणजे इतरांच्या मते. कचेरीच्या खिडकीशी दाखल्याला आलेली माणसं मला बघून म्हणत, “ते तळ्यातले का तुम्ही?” एका बाईने आपल्या तान्ह्या मुलाचा दाखला माझ्या हातून घ्यायला नकार दिला आणि शेजारच्या खिडकीतून घेतला. तेह एनोक इमासला म्हणाली, “मला त्यांच्याबद्दल आधीपासून वाटायचंच.” काय वाटायचं ते तिने सांगितलं नाही. पा दुदुंग म्हणाले, “तुम्ही श्वास सोडलात. तिथेच चुकलं.” अबाहांकडे लांबलांबून तरुण माणसं वाघ मागायला येऊ लागली. अबाह त्यांना मासे दाखवून परत पाठवत.

मी वाहिनीला दुसरं पत्र लिहिलं. या वेळी एकच पान. झालं ते चुकीचं आहे, मी स्वतःहून पडलो होतो, कृपया दुरुस्ती जाहीर करावी. बिमोचं उत्तर आठवड्यात आलं. प्रेक्षकांचा प्रतिसाद उदंड आहे, आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत, ‘लोभी शिष्याचा सूड’ हा दुसरा भाग करण्याचा विचार आहे, आपल्याला कोणत्या तारखा सोयीच्या आहेत?

ते पत्र मी इमासला वाचून दाखवलं नाही. तिने नंतर ते खिशातून काढून स्वतःच वाचलं आणि चुलीत घातलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कचेरीत माझ्या नावाने आदेश निघाला. सतरा तारखेच्या स्वातंत्र्यदिनी मैदानावर पापड खाण्याची शर्यत आणि तेल लावलेल्या खांबावर चढण्याची चढाओढ, यांच्यामध्ये पंधरा मिनिटं, दूरचित्रवाणीवर गाजलेल्या प्रसंगाचं सादरीकरण. सादरकर्ता, श्री. एंजांग. प्रमुख पाहुणे, जिल्ह्याच्या क्रीडा खात्याचे पा सुतिस्ना, यांच्या हस्ते सादरकर्ता पडेल. आदेशाची प्रत पाच जणांना होती.

मी पा विरांतांना भेटलो. म्हटलं, “साहेब, गुरूंच्या परवानगीशिवाय मला सिलात दाखवता येत नाही.”

“सिलात कुठे दाखवायचंय?” ते म्हणाले. “पडायचंय. पडायला परवानगी मी दिली आहे. पेंढाही टाकणार आहोत.”

तरी मी अबाहांकडे गेलो. ते मिरचीच्या वाफ्यात गवत काढत होते. सगळं सांगितलं. त्यांनी वर बघितलं नाही. “तुझी कचेरी,” ते म्हणाले, “आणि तुझं पडणं. मी यात कुठे आलो?”

परत येताना मी ठरवलं की पडायचं. आता राहिलं होतं काय. पेन्शनला सहा वर्षं उरलेल्या माणसाने साहेबांच्या हस्ते पडावं यात जगबुडी होत नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण नंतर लोकांनी त्याला फार वेगळं रूप दिलं. मी पडायचंच ठरवून गेलो होतो.

मैदान भरलं होतं. पापडाची शर्यत संपत आली होती, दोऱ्यांना अर्धे पापड लटकत होते. मध्ये पेंढ्याचा ढीग. पा सुतिस्ना भला थोरला माणूस, गळ्यात शिट्टी, अंगात झकपक क्रीडा पोशाख. ध्वनिक्षेपकावरून पा दुदुंगांनी घोषणा केली. लोभी शिष्य म्हणून माझी ओळख करून दिली. मी पेंढ्यापुढे उभा राहिलो, हात पुढे केला, आणि पा सुतिस्नांनी आपला हात त्याला लावला.

आता हे कसं सांगावं. पा सुतिस्नांनी आयुष्यात सिलात केलेलं नव्हतं. ढकलायचं म्हणजे काय हे त्यांना एकाच प्रकारे ठाऊक होतं. त्यांनी आपलं सगळं, नव्वद किलोंचं, कसलाही आडपडदा न ठेवता माझ्या मनगटावर ठेवलं. दोन-अडीच महिन्यांत माझ्या हाताला कोणी हात लावला नव्हता. आणि इतका खरा भार तर मला कधी लागला नव्हता. ‘आता पड’ असं मी स्वतःला सांगेपर्यंत हाताने वाट देऊन टाकली होती. पा सुतिस्ना त्या वाटेने निघाले. ते माझ्या बाजूने पेंढ्याच्या दिशेने जाऊ लागले, शिट्टी पुढे, पोशाख मागे. काठावर पोचले, तेव्हा माझ्या दुसऱ्या हाताने त्यांचा कमरपट्टा धरला.

पेंढ्यापासून वीतभर वर ते तसेच तिरके राहिले. मैदान इतकं शांत झालं की दोऱ्यांवरचे पापड वाऱ्याने हलताना ऐकू येत होते.

“सोडा,” ते खालून म्हणाले.

“साहेब, सोडलं तर पडाल.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग सोडू नका.”

मी त्यांना उभं केलं, पोशाखावरचा पेंढा झटकला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग ते जागेवर जाऊन बसले आणि पाणी प्याले. पा दुदुंग ध्वनिक्षेपकावर म्हणाले की पुढचा कार्यक्रम खांबाचा आहे.

एकोणीस तारखेला मला कागद आला. तो पाठ आहे. ‘मंजूर कार्यक्रमपत्रिकेनुसार आपण पडणे अपेक्षित असताना आपण पडला नाहीत, तसेच प्रमुख पाहुण्यांना अर्धवट पाडलेत. याबाबतचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’

दोन संध्याकाळी मी कोरा कागद पुढे घेऊन ओसरीवर बसलो. हाताने केलं असं लिहिलं तर माझा हात माझ्या ताब्यात नाही असं होतं, आणि मग माझ्या सहीचे बावीस वर्षांचे दाखले संशयात येतात. चुकून झालं लिहावं तर तेही खोटं. इमास आलं आणि नारळाचं दूध घातलेलं गरम बांद्रेक आणून ठेवायची आणि गार झालं की उचलून न्यायची. “काहीतरी लिहून टाका,” ती म्हणाली. “एवढ्याने पेन्शन जायची नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि गेली तर गेली.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटक वाजलं. अबाह होते. बावीस वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. आमची गल्ली चढाची आहे. ते पायरीवर बसले, त्यांनी दम घेतला आणि इमासने दिलेलं पाणी प्याले.

“मी अकरा जणांकडून ऐकलं,” ते म्हणाले. “अकरा प्रकारे. एक म्हणतो तू त्याला डोक्यावर उचललंस. तू सांग.”

मी सांगितलं. ते मधेमधे थांबवून विचारत होते. उजवा पाय कुठे होता त्याचा? टाच उचलली होती का? आधी कोपर आला की खांदा? मला आठवेल तेवढं मी सांगितलं. कमरपट्टा कसा धरला ते त्यांनी दोनदा विचारलं.

“ठरवून धरलास?”

“नाही अबाह. मी पडणार होतो. ठरवून गेलो होतो.”

मग त्यांनी हात पुढे केला. मी हात लावला. ओसरीवर, इमासच्या समोर, आम्ही तसे बसून होतो. मी दाबलं नाही, त्यांनीही नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बांद्रेकवर साय धरली होती.

“हं,” ते म्हणाले आणि हात काढून घेतला. “हा कागद कसला?”

मी वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. ‘पडणे अपेक्षित असताना’ इथे ते थांबले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ढास लागली. इमास पाणी आणायला उठली, तेव्हा कळलं की ते हसताहेत. डोळे पुसून त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

“लिही. माझ्या गुरूची परवानगी नव्हती.”

मी लिहिलं. एवढं एकच वाक्य. खाली सही केली.

“शाई आहे का घरात?”

शिक्क्याची शाई होती. अबाहांना लिहिता येत नाही. त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि माझ्या सहीच्या शेजारी, जरा वरच्या बाजूला, नीट दाबून उमटवला. मग काठी घेऊन उठले. मी फाटकापर्यंत त्यांच्या बरोबर गेलो. पोचवू का विचारलं, तर नको म्हणाले. चार पावलं उतरून गेल्यावर मागे न वळता त्यांनी सांगितलं,

“गुरुवारी जरा लवकर ये. अंगण झाडायचंय.”